खालच्या ओळीचं पाणी

"पेला होता तं सरळ सांग ना हिरामण. जमिनीकडं काय पाहून राह्यला?" रघुनाथराव म्हणे. त्याच्या एका हातात ते रिकामी बाटली होती, लांब मानेची, अन् दुसऱ्या हातात मातीचा गोळा. खालच्या ओळीतली माती. दाबली तं बोटाचे ठसे उठत होते तिच्यावर. त्यानं तो गोळा माह्या बाबाच्या नाकापुढं धरला, मंग बाजूच्या बगिच्यातून आलेल्या दोघातिघायले दाखवला, मंग फेकून देला. "महिनाभर झाडाच्या तोंडात थेंब नाही पडू देला. आता आठ-दहा दिवसाची गोष्ट होती. अन् तू बाटली मारून, मोटर चालू ठेवून झोपला?" मी काट्याच्या कुपाच्या बाहेर, गाडीच्या दाराले टेकून उभा. डिसेंबरातली सकाळ, दार थंडगार, पण माही पाठ भाजून राह्यली होती. मले वाटलं, बाबा आता माह्याकडं पाहीन. एकदा पाहीन अन् मंग सगळं निघन. त्यानं नाही पाह्यलं. डोक्याचा दुपट्टा सोडला, झटकला, पुन्हा बांधला, जसं काही त्या कामासाठीच त्याले उभं केलं होतं. अन् म्हणे, "हाव मालक. पेलो. डोळा लागला."

माहा बाबा पेत नाही. मोहगावात कोणालेही विचारा. पेत होता तवा कसा पेत होता हेही विचारा, ते लोक जास्त रंगवून सांगतीन. मी लहान होतो तवा माय मले पाठवे, मोहाची दारू मिळे त्या झोपडीवर, अन् मी बाबाचा शर्ट मागून धरून त्याले घरी आणे. तो रस्त्यातल्या बाभळीले रामराम करे अन् माणसाले म्हणे, सरक ना गा भाऊ. लोक हसत. मीही हसे, रडणारं पोट्टं जास्त पाहतात लोक. मंग एका बुद्धपौर्णिमेले विहारात सगळे पंचशील म्हणून राह्यले होते, अन् पाचवं शील आलं, दारू न पेण्याचं, तवा बाबाचा आवाज अटकला. बाकीचे पुढं गेले, तो मागं राह्यला, अन् सगळं संपल्यावर त्यानं एकट्यानं ते पाचवं म्हटलं, मोठ्यानं, जसं कोणाले दटावून राह्यला. त्या दिवसापासून बंद. मायनं काही शब्दावर भरोसा नाही ठेवला. रोज संध्याकाळी तो उंबऱ्यावर आला का ते त्याच्या तोंडापाशी नाक ने. तोंड उघडा म्हणे. तो उघडे. पाहुणे बसलेले असले तरी उघडे. असं लय दिवस चाललं, अन् मंग एका संध्याकाळी तिनं नाक नाही नेलं. नुसतं म्हटलं, हात धुवा, भाकर वाढली. बाबा उंबऱ्यावर तसाच तोंड वासून उभा. मंग समजलं त्याले. त्या दिवशी त्यानं दोनदा हात धुतले, अन् जेवताना त्याचे कान लाल झाले होते. मी समोरच बसलो होतो, मले दिसलं.

अन् पाण्याचं तं विचारूच नका. रघुनाथरावच्या बगिच्यात बाबा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा माणूस, अन् रखवालदारही तोच. मोहगावच्या पुढं नाल्याकडच्या उतारावर संत्र्याचा बगीचा, वर विहीर, विहिरीवर मोटर, मोटरच्या डब्ब्याले कुलूप, अन् कुलपाची चाबी बाबाच्या करदोड्याले. आंघोळीतही निघत नाही. आंब्या बहार, म्हणजे थंडी सरतानाचा फुलोरा, घ्याचा असला का संत्र्याले ताण द्या लागते, म्हणजे पाणी एकदम बंद. झाड तहानते. पानं मुरडतात, पिवळी पडतात, गळतात. पाहणाऱ्याले वाटते हे मेलं. मंग बरोबर वेळेवर पाणी सोडलं का ते भेव खाल्ल्यावाणी फुलते, आंगभर. पण मधातच कोणी पाजलं का खेळ खतम. झाड म्हणते, आता कायची घाई, अन् फुलाच्या जागी नुसती पालवी काढत बसते. हिरवंगार दिसते, फळ नाही. म्हणून ताणाच्या दिवसात बाबा घरी झोपत नाही, बगिच्यातल्या झोपडीत झोपते. आभाळात ढग आला तं ढगाले शिव्या देते. लहानपणी एकदा मी खेळता खेळता गुंडभर पाणी एका झाडाच्या आळ्यात ओतलं होतं. त्यानं मारलं नाही. तिथंच गुडघ्यावर बसला अन् हातानं ओली माती उकरून उकरून बाहेर फेकत राह्यला. मले मारलं असतं तं बरं झालं असतं असं तवा वाटलं होतं. आताही तसंच वाटून राह्यलं. त्या बाबानं रविवारी, भर दुपारी, त्याच करदोड्याची चाबी काढून मोटर चालू केली. माह्यासाठी केली. कोणी पाहुणा म्हणन, लेकानं मागितलं, बापानं देलं. मागितलं असतं तं गोष्ट वेगळी होती.

मी पांढुर्ण्याले अनिलभाऊची गाडी चालवतो. अनिलभाऊच्या दोन गाड्या, स्टेशनच्या बाहेर त्याचं ट्रॅव्हल्सचं दुकान. लायसन मले आताच भेटलं, फोटोत मी चोरावाणी दिसतो. अनिलभाऊची एकच अट आहे, ज्याच्या तोंडाले दारूचा वास आला त्याच्या हातात माही चाबी नाही. शनिवारी तो म्हणे, उद्या भोपाळवरून पार्टी आहे, मराठीच लोक आहे, दिवसभराची गाडी, दुसरी सवारी भराची नाही, त्यायले कन्हानच्या काठानं फिराचं आहे, लोधीखेड्याच्या पुढं तो द्राक्षाचा फार्म नाही का, वाइनवाला, तिथं. मी इस्त्रीचा शर्ट घातला. गाडीत अगरबत्ती लावली अन् मंग तो वास मलेच सहन होईना म्हणून काचा उघड्या ठेवून स्टेशनवर उभा राह्यलो. तिघं उतरले. शिवानी मॅडम, त्यायचा नवरा, त्याले मी साहेब म्हणत होतो, अन् मॅडमची लहान बहीण, उर्वशी. माह्याच उमरीची, एखादं वर्ष इकडं तिकडं. मागं बॅगा ठेवल्या म्हणून ते समोर बसली, माह्या बाजूले. जाम नदी ओलांडेपर्यंत मी गिअर बदलताना हात आखडून घेत होतो, तिच्या ओढणीले लागू नये म्हणून. तिनं विचारलं, तुम्ही शिकता का. मी म्हटलं, बीएस्सी अॅग्रीकल्चर, छिंदवाड्याले. तोंडातून निघालं तवा मीच चमकलो. दुसरा गिअर तिसऱ्यात जाते त्याच्याहूनही सोपं गेलं ते.

मी दहावीच पूर्ण नाही केली. एका सरानं भरवर्गात म्हटलं होतं, तुह्या बापाले सांगजो, एक पेटी संत्रं पाठवून दे, मालकाले कुठं मोजून माहीत राहते. सगळे हसले. मी फळ्यापाशी जाऊन डस्टर उचललं अन् फेकलं. सराले नाही लागलं, खिडकीले लागलं. दुसऱ्या दिवशी बाबा शाळेत आला. दुपट्टा काढून हातात धरलेला, हात जोडलेले, म्हणे, लेकराची चूक झाली गुरुजी. चोरी कराले सांगणाऱ्या माणसापुढं हात जोडलेले. त्या हातायचा मले इतका राग आला का मी दप्तर तिथंच ठेवून निघालो, अन् पुन्हा गेलो नाही. लोक म्हणतात हिरामणचं पोट्टं तापट आहे म्हणून शाळा सुटली. तापट आहेच मी. पण तो राग सरावरचा कधीच उतरून गेला, हातावरचा नाही उतरला. अन् आता गाडी चालवताना हेच सुचून राह्यलं होतं का बाजूले बसलेल्या पोट्टीले तो माणूस दिसूच नये, त्याचे हात दिसू नये, तो असूच नये. एका मिनिटासाठी मी त्याले मिटवला. बीएस्सी अॅग्रीकल्चर म्हणणं म्हणजे तेच होतं.

फार्मवर ड्रायव्हर लोकायले बाहेर टिनाच्या शेडमध्ये बसवतात. मी बसलो नाही, काचेपाशी जाऊन उभा राह्यलो. आत एक माणूस ग्लासात बोटभर बोटभर ओतून देत होता अन् म्हणत होता, अगोदर वास घ्या, घाई नाही. ते तिघंही डोळे मिटून ग्लासात नाक घालून उभे. मले हसू आलं. मंग मायचं नाक आठवलं अन् हसू तसंच मधात राह्यलं. थोड्या वेळानं तो माणूस त्यायले वेलीकडं घेऊन आला. हिरवे कच्चे घोस लटकलेले, खाली पाण्याचा काळा पाइप. तो म्हणे, वेलीला आम्ही पाणी तोलून देतो, जास्त पाजलं तर गोडी उतरत नाही. मी मागंच होतो. मले राहवलं नाही, म्हणालो, आमच्या बगिच्यात संत्र्याले तं एक थेंबही देत नाही, सध्या ताण चालू आहे. घरात आम्ही तसंच म्हणतो, आमचा बगीचा. बाबा तं रघुनाथरावच्या तोंडावरही म्हणते. पण उर्वशीनं मान वळवून विचारलं, "तुमचा स्वतःचा बगीचा आहे? मग गाडी का चालवता?" तिथं मी सांगू शकत होतो. वेळ होता. वेलीवरून एक पिवळी माशी उठून दुसऱ्या घोसावर बसली इतका वेळ होता. मी म्हटलं, शौक आहे. साहेब हसले अन् माह्या खांद्यावर हात ठेवला, त्या हाताले ग्लासाचा वास येत होता, आंबटगोड, अन् म्हणे, चला तर मग जमीनदारांचा बगीचा पाहू.

मी मनात हिशेब केला. रघुनाथराव नागपूरले गेला आहे पोराकडं, अक्षयकडं. रविवारी दुपारी बाबा भाकर खायले घरी जाते. बगिच्यात कोणी राहणार नाही. फाटक उघडीन, दोन फोटो काढतीन, चाललो. मोहगावच्या रस्त्यानं गाडी आणताना मी आरशात शिवानी मॅडमले पाहत होतो, त्या झोपल्या होत्या, तोंड थोडं उघडं. इतकं शांत वाटून राह्यलं होतं का मले खरंच वाटाले लागलं का बगीचा आमचा आहे. मी नाला दाखवला, विहीर दाखवली, ह्या बाजूले पुढच्या वर्षी मोसंबी लावतो म्हटलं. अन् फाटकातून आत गेल्याबरोबर साहेब उभेच राह्यले. "अरे, हा तर मेलेला बगीचा आहे." पानं मुरडलेली, पिवळी, खाली सडा पडलेला, पायाखाली कुरकुर वाजणारा. शिवानी मॅडम म्हणे, बिचारी झाडं, पाणी तरी द्या त्यांना. मी ताण सांगतला. पुन्हा सांगतला. त्यायनं माना हलवल्या, जशा लहान पोराच्या बोलण्यावर हलवतात. अन् उर्वशी माह्याकडं पाहून हसली. वाईट नाही हसली. पण मले तसंच वाटलं जसं वर्गातलं हसणं वाटलं होतं. डोक्यात ते नेहमीचं भणभण सुरू झालं, कानाच्या मागून वर चढते ते.

अन् झोपडीतून बाबा निघाला. त्या दिवशी तो घरी गेलाच नव्हता. हात पुसत येत होता, कमरेले चाबी हालून राह्यली होती, अन् मले पाहून त्याचं तोंड खुलाले लागलं होतं. मी दिसलो का त्याचं तोंड पहिले डोळ्याच्या बाजूनं खुलते, मंग मिशी हालते, मंग तो म्हणते, आला का बाबू. मिशी हालली होती. तो शब्द निघालाच होता. अन् मी म्हटलं, "हिरामण, मोटर चालू कर."

त्याचं तोंड लवकर नाही मिटलं. हेच मले सोसत नाही. लवकर मिटलं असतं, राग आला असता, कानाखाली वाजवली असती, तं मी आज इथं असा बसून नसतो राह्यलो. त्यानं पहिले माह्याकडं पाह्यलं, मंग त्या तिघायच्या बुटायकडं, मंग उर्वशीकडं, अन् मंग पुन्हा माह्याकडं, अन् मले दिसलं का त्याले समजून राह्यलं, हळूहळू, वरून खाली, जसं पाणी मातीत उतरते. सगळं समजल्यावर त्यानं मान खाली घातली अन् म्हणे, "हो जी." मले म्हटलं. जी. रघुनाथरावले म्हणते तसं. अन् विहिरीकडं गेला. कुलूप उघडाले त्याले कधी वेळ लागत नाही, तवा लागला. मी ओरडून म्हटलं, लवकर कर. तेही म्हटलं.

पाणी आलं. पाइपातून पहिले हवा खाकरली, मंग धपकन पडलं, दांडात उतरलं. दांड म्हणजे झाडाकडं नेणारी नाली. बाबानं फावड्यानं दोन ढेकळं टाकून ते पाणी नाल्याच्या बाजूले वळवलं. इतक्या वेळात त्याले ते सुचलं होतं, का लोकायले पाणी दाखवू अन् झाडायले वाचवू. उर्वशी म्हणे, तिकडे का चाललंय, झाडांमध्ये येऊ द्या ना, फोटो छान येईल. मी बाबाकडं न पाहता म्हटलं, "झाडात सोड." फावडं काही वेळ उचललंच नाही. मंग ढेकळं बाजूले झाले. खालच्या ओळीत पाणी शिरलं, पिवळ्या पानायले ढकलत, अन् एकेका आळ्यात भरत गेलं, अन् माती असा आवाज करून पेत होती का मले वाटलं सगळ्यायले ऐकू येत असीन. उर्वशीनं सँडल काढले, पाण्यात पाय ठेवले, किंचाळली, थंड आहे म्हणे. साहेब व्हिडिओ काढत होते. म्हणे, काका, तुम्ही जरा बाजूला व्हा. बाबा बाजूले झाला. अजून थोडं म्हणे. अजून झाला, बांधाच्या मागं, जिथून त्याचं फक्त डोकं दिसत होतं. मी मधात उभा, खिशात हात घालून, मालकाच्या पोरावाणी. अक्षय असाच उभा राहते, खिशात हात घालून, अन् मले त्याची नक्कल लहानपणापासून येते.

जाताना साहेबानं गाडीतून फार्मवर घेतलेली ते बाटली काढली, थोडी उरली होती, अन् बाबाच्या हातात देली. म्हणे, घ्या काका, थंडी आहे. बाबानं माह्याकडं पाह्यलं. तो विचारून राह्यला होता का घेऊ का नको, घेतली नाही तं तुह्या कामात काही बिघडन का. मी गाडीचं दार उघडलं, मॅडमसाठी. आरशात दिसलं, त्यानं दोन्ही हातानं घेतली. पांढुर्ण्याले स्टेशनवर उतरताना उर्वशी म्हणे, तुमचे हिरामणकाका किती साधे आहेत. "हाव," मी म्हटलं, "जुने आहे आमच्याकडं." गाडी सुटली अन् मी प्लॅटफॉर्मवरच्या नळावर तोंड धुतलं. काहीच गेलं नाही. अनिलभाऊले फोन करून गाडी सकाळी आणतो म्हटलं. रात्रभर तेच डोक्यात, माती वाळली असीन का. इतक्या पाण्यानं काय होते, अर्धा तास, फक्त खालची ओळ, दोन दिवस ऊन पडलं का झालं. सकाळी गाडी काढून बगिच्यात गेलो तं रघुनाथराव अगोदरच आलेला, रात्रीच नागपूरवरून आला होता. खालच्या ओळीत प्रत्येक झाडाचं आळं उकरलेलं. ओली माती काढून बांधावर पसरवलेली, बोटायचे माग तसेच तिच्यात. बाबानं सांज ते सकाळ तेच केलं होतं. रघुनाथरावले वाटलं, लपवाले पाहत होता. अन् झोपडीत बाटली सापडली, रिकामी. बाबानं दारू बाभळीखाली ओतून देली होती. बाटली काहून ठेवली मंग? ते त्यानं मले काल सांगतलं. फेकली असती तं फुटली असती, म्हणे, काच होते, बायका अनवाण्या येतात तोडणीले.

काल संध्याकाळी बाबा घरी आला तवा गोष्ट त्याच्या अगोदर पोचली होती. माय उंबऱ्यात उभी. नुसती पुढं झाली अन् त्याच्या तोंडापाशी नाक नेलं. मी अंगणात, आजच्या लोधीखेड्याच्या सवारीसाठी ठेवून घेतलेल्या गाडीचा आरसा पुसण्याचं सोंग करून राह्यलो होतो. बाबानं तोंड उघडलं. इतक्या वर्षानं, पिकल्या मिशीचा माणूस, लहान पोट्टं वैद्यापुढं उघडते तसं. तिनं वास घेतला. पुन्हा घेतला. अन् तिच्या तोंडावर जे आलं ते राग नव्हता. वास नाही आला तिले. म्हणे, "नाही पेले तुम्ही. मंग पेलो काहून म्हटलं?" बाबा म्हणे, भूक लागली. ते हलली नाही. त्याच्या खांद्यावरून तिनं माह्याकडं पाह्यलं, अन् मी आरसा पुसत राह्यलो, त्यात मीच दिसत होतो.

भाकर खाऊन बाबा बाहेर आला, ओट्यावर बसला. मी म्हटलं, मी जाऊन सांगतो रघुनाथरावले. "काय सांगशीन?" म्हणे. खरं ते सांगीन म्हटलं. "खरं काय?" मी तोंड उघडलं अन् ते निघेना. त्याच्यापुढंही निघेना. तो चिडल्याशिवाय, जसं उद्याच्या कामाचं बोलून राह्यला असं, म्हणे, "दारूचं लोक चार दिवस बोलतीन. मी पेतच होतो, त्यात नवं काय आहे? पण माह्या पोरानं मले नावानं हाक मारली अन् मी हो जी म्हटलं, हे कोणाले नको सांगू. हे नाही मिटत, बाबू. अन् मायले तं मुळीच नको सांगू." बाबू म्हटलं त्यानं. रविवारी अर्ध्यात राह्यलेला शब्द. मले वाटलं, आता पाय धरावे. धरले नाही. मी म्हटलं, झोप आली.

आज सकाळी त्याले सौसरले बोलावलं आहे, रघुनाथरावच्या घरी. चार माणसायपुढं चाबी ठेवाची अन् चालू लागाचं. नवा माणूस पाहून ठेवला म्हणतात, बोरगावचा. चाबी काढताना बाबाले करदोडा सोडा लागन, त्या चार माणसायपुढं. मले तेच दिसून राह्यलं पहाटेपासून. तो आंघोळ करून निघाला, धुतलेला दुपट्टा बांधून. मी म्हटलं, गाडीनं सोडतो. म्हणे, गाडीत कायले, पायी जातो, पायवाटेनं जवळ पडते. मी त्याच्या मागं नाही गेलो. गाडी काढली अन् इथं टेकाडीवर आणून उभी केली, अन् केवढा वेळ झाला, स्टेअरिंगवर हात ठेवून बसलो. खरं सांगतलं तं दारूचा डाग जाते अन् तो दुसरा लागते, ज्याले बाबा भेते. नाही सांगतलं तं त्याची चाबी गेली, पाचवं शील गेलं, अन् माय रोज संध्याकाळी उंबऱ्यावर विचारन, काहून म्हटलं, काहून म्हटलं. मधातलं एक आहे. मी जाऊन म्हणू शकतो का मीच पेलो. सवारीची बाटली होती, मी पेलो, बाबा झोपला होता तवा त्याच्या कमरेची चाबी काढली, मस्तीत मोटर चालू केली, अन् बापानं पोरासाठी आपल्यावर घेतलं. त्यायले पटन. हिरामणचं पोट्टं, शाळा सोडलेलं, डस्टर फेकणारं, न पटाले काय झालं? दुपारपर्यंत पांढुर्ण्याले अनिलभाऊच्या कानावर जाईन अन् गाडी गेली. लायसन राहीन, फोटोतल्या त्या चोराचं.

ते मी देऊ शकतो. गाडीचं काही नाही. पण मले माहीत आहे, मी हे म्हणून राह्यलो असीन तवा बाबा येऊन दारात उभा राहीन, अन् त्याले पुन्हा माह्या खोट्यात उभं राहा लागन. रविवारी बांधाच्या मागं उभा राह्यला तसं. तो नाही म्हणू शकते. नाही म्हटलं तं सगळं उघडं पडते, म्हणून म्हणणार नाही. म्हणजे मी त्याच्याकडून आणखी एकदा सोंगच करून घेऊन राह्यलो, अन् त्याले उपकार म्हणून राह्यलो. याच्याहून चांगलं मले सुचत नाही. चांगल्या पोराले सुचलं असतं. अनिलभाऊचा फोन दोनदा वाजून बंद झाला, लोधीखेड्याची सवारी असीन. खाली नाल्याच्या रपट्यावर, त्या बुटक्या पुलावर, पांढरा दुपट्टा चढून राह्यला, मधातच थांबला, चपलेतला खडा काढून राह्यला, पुन्हा चालाले लागला. रपटा ओलांडला का सौसरची घरं लागतात. त्याच्या पहिले पोचलो तंच काही आहे. मले निघा लागते आता.